माळवदावरची काळी माती

१४ एप्रिल १९४१, दुपार

ऊन भयंकर. अंगणातल्या पाट्याला हात लावता येत नाही. चिमण्या चोची उघड्या टाकून तुळईवर बसल्या आहेत. गुरे ओरडायचीसुद्धा थांबली.

आज निश्चय केला. हिंगोली स्टेशनातून रिटायर होऊन गावी आल्यापासून डोके नुसते पडून आहे. आता ते वापरायचे. शालू वैशाखात बाळंतपणाला येणार. रीतीप्रमाणे माहेरी फक्त पहिले बाळंतपण असते. ते झाले गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी. मग ती लेकराला घेऊन कळमनुरीला सासरी गेली, आणि तिथे पत्र्याखाली ते उन्हाने गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. जावई रामकिशनराव म्हणाले, सगळे देवाच्या हातात.  सगळे देवाच्या हातात असेल, पण छत माणसाच्या हातात असते.

यंदाचे मूल माझ्या घरी, थंड खोलीत होईल आणि पावसाळा लागेपर्यंत तिथेच राहील. ठरले.

१५ एप्रिल

गावातल्या सध्याच्या उपायांचा सर्व्हे केला. ओली पोती खिडकीला. माठात वाळा. पटक्याखाली कांदा. कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील. रात्री माळवदावर झोपणे. सगळे बापजाद्यांचे, सायन्स कशातच नाही.

चुलतभाऊ संतरामचे तर बोलायलाच नको. सकाळची भाकर झाली की बायकापोरांसकट रानात जातो आणि दिवसभर आंब्याखाली पडून राहतो. मला म्हणाला, दादा, शालूलाबी धाडा, खोपट हाय, झाड हाय, पैसा लागत न्हाई. रेल्वेबाबूची लेक गुरासारखी झाडाखाली? त्याला सांगितले, फुकटच्या गोष्टीत सायन्स नसते. तो हसला. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचे घर आहे, त्यामुळे त्याचे हसू ऐकूही येते.

१८ एप्रिल

सापडले!

पाणी प्यायला उठलो आणि माठापुढे थबकलो. माठ बाहेरून ओला, म्हणून आतून गार. मग घराचाच माठ का करू नये? आमचे घर माळवदाचे. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या सरांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. दोष त्या पांढऱ्या मातीत आहे. ती पाणी धरतच नाही, पन्हाळीतून सोडून देते. काळी माती मात्र पाणी धरते. ती वर टाकायची, पन्हाळी बुजवायच्या आणि रोज पाणी घालायचे. खर्च शून्य! हा प्लॅन जमला तर तालुक्यातले प्रत्येक गरीब कुटुंब मला दुवा देईल.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, पांढरी माळवदावर आन् काळी रानात, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. मी विचारले, का? कारण सांग. म्हणाली, काहून म्हंजी? काळी फुगती आन् फुटती. मी तिला शांतपणे समजावले की हे कारण नव्हे, हे निरीक्षण आहे. ती ताक करायला निघून गेली. पटले असावे.

२२ एप्रिल

तांड्यावरचा भावसिंग नायक बैलगाड्या घेऊन आला. आमचा गडी देवला आणि तो, दोघांनी नाल्याकाठची काळी माती दिवसभर वर चढवली. संध्याकाळी भावसिंग घाम पुसत छताकडे बघत राहिला. म्हणाला, बाबूजी, इतका बोजा वर, आन् खाली मानसं राहून राहिली. मी म्हटले, मालगाडीत किती बोजा मावतो हे मी उभ्या नोकरीत बघितले आहे. तो म्हणाला, गाडीखाली कोनी झोपत न्हाई. तांड्याच्या लोकांना विनोदाचे अंग चांगले असते.

पन्हाळींना चिंध्या आणि चिखल कोंबला. कडेने मातीचा बांध घातला. सगळे काम स्वतः तपासले.

२५ एप्रिल

पाणी घातले. देवलाने घागरी वाहिल्या. थर्मामीटरवर बाहेर एकशे सहा, खोलीत सत्त्याण्णव!! दोनदा चष्मा पुसून बघितले. सक्सेस.

तुळईवरच्या चिमण्या घरटी सोडून गेल्या. बरे झाले, फार कचरा करत होत्या.

२९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

पितरांचे करे भरले. दुपार कलल्यावर शालू गाडीतून उतरली. पोट मोठे आणि तोंड एवढेसे झालेले. उंबऱ्याशी थांबली आणि आधी वर बघितले. पत्रा नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे, तरी बघितले. मग आत जाऊन खाटेवर आडवी झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, आबा, गार वाटून राहिलं.

मी परसात जाऊन रडलो. आनंदाचे होते. या पोरीला या वेळी काही होऊ देणार नाही. झाडाला पाणी घालतो तसे छताला पाणी घालीन.

३ मे

एक बारीकशी अडचण. माळवदावर चिखल असल्यामुळे रात्री तिथे झोपता येत नाही. सगळे गाव आपापल्या माळवदावर वाऱ्याला झोपते, आणि आम्ही खाली. सौ. रात्रभर पदराने वारा घेते आणि मला ऐकू जाईल अशा बेताने उसासे टाकते. संतराम वरून हाक मारून विचारतो, दादा, झोप लागली का? मी पांघरूण डोक्यावरून घेतले.

शालू कूस बदलत राहते. गरोदरपणात असे होतेच.

७ मे

मातीवर मेथी पेरली होती. उगवलीही सुंदर. हिरवे छत! आज संतरामची शेळी त्याच्या माळवदावरून इकडे आली आणि सगळी खाऊन गेली. जाताना तिचा मागचा पाय मातीत गुडघ्यापर्यंत रुतला. ओढून काढावी लागली. ते भोक खालून दिसते. त्यातून उन्हाची एक काडी बरोबर शालूच्या खाटेवर पडत होती.

भोकात आणखी काळी माती भरून ठोकली. आता तो भाग सर्वांत मजबूत. संतरामकडे तक्रार केली. तो शेळीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, दादा, लेकीची खाट तेवढी तिथून हलवा. मुद्दा सोडून बोलणे हा त्याचा जुना स्वभाव.

११ मे

खालच्या आळीतली एक म्हातारी उन्हाने गेली. पाणी आणायला निघाली होती, वाटेतच बसली आणि उठली नाही.  शालूला कोणी सांगू नये असे सांगितले होते, पण तिला कळले. जेवली नाही.

पिठात माती येते. सौ. परात झाकून ठेवते तरी येते. भिंतीवर वाळवीच्या रेघा वर चढल्या आहेत, रोज जरा उंच. मांजरीने कणगीमागची पिल्ले एकेक तोंडात धरून संतरामकडे नेली. शालू खाटेवरून ते बघत होती. म्हणाली, आबा, मांजर काहून गेली? मी म्हटले, मांजरांना गारवा सोसत नाही.

१५ मे

दाराने त्रास द्यायला सुरुवात केली. खोलीचे दार चौकटीला घासते, खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. गारव्याने लाकूड फुगते हे उघड आहे. म्हणजे प्रयोग लागू पडतोय.

खोलीतली हवा थोडी दमट आहे. शालूच्या पाठीवर घामोळे उठले आहे. अंगातली गरमी बाहेर पडत असल्याची ती खूण. थर्मामीटर आज एकशे एक दाखवत होता. जागा चुकीची होती. माठाजवळ टांगला, लगेच अठ्ठ्याऐंशी. आता तिथेच राहू द्यायचा.

१८ मे

देवला काम सोडून गेला. विहिरीला आता बादलीभर पाण्यासाठी बायका पहाटेपासून ओळीत उभ्या राहतात, आणि हा घागरी भरून माळवदावर चढतो. त्याला लोक बोलले म्हणे. मला म्हणाला, मालक, तुमचं छत पानी पिऊन राहिलं आन् माह्या लेकराला घोटाघोटानं देऊन राहिलो. मी त्याला पुष्कळ समजावले की हे सगळ्यांच्याच भल्यासाठी आहे. त्याने खांद्यावरचे फडके झटकले आणि गेला.

आजपासून स्वतः पाणी वाहणार. व्यायाम होईल.

१९ मे

व्यायाम झाला. कंबर धरली आहे.

पाणी कमी पडल्यामुळे वरची माती फुटली. दोन बोटे मावतील एवढ्या भेगा. सौ. शिडीवर अर्धी चढून बघून आली आणि पदर झटकून चुलीशी गेली.  असलेले सगळे पाणी भेगांत ओतले. गटागटा प्यायली माती. खाली शालूच्या पायथ्याशी थेंब पडू लागले. तिथे परात ठेवली. थेंबांच्या आवाजाने झोप छान लागते.

२१ मे

सौ.ने हट्टच धरला की तुळईला टेकू द्या. टेकू देणे म्हणजे प्लॅनमध्ये दोष आहे असे गावाला ओरडून सांगणे. तरी घरात शांतता नांदावी म्हणून तांड्यावरून एक ओंडका आणवला. भावसिंग स्वतः घेऊन आला आणि तुळईखाली उभा करून लाकडाला कान लावून बसला. मग म्हणाला, बाबूजी, आतून बोलून राहिली. मी विचारले, काय म्हणते? तो म्हणाला, ते तुमीच ऐका.

ओंडक्याला खिळा मारून मी त्यावर टोपी टांगली. सोयीचे झाले.

२३ मे

दुपारी सगळे सामसूम असताना तुळई मोठ्याने कडाडली. एकदाच. शालू उठून बसली, दोन्ही हात पोटावर. तिचे डोळे मी कधी विसरणार नाही. तिला म्हटले, जुने लाकूड बोलतेच, रेल्वेचे डबेसुद्धा बोलतात.

सौ.ने खाट ओसरीत काढली. ओसरीत झळा. पोरगी भाजून निघेल! मी खाट परत आत नेली. आमचे बरेच वाजले. ती म्हणाली, तुमाला लेक पायजे का तुमचं ते सायन? मी म्हटले, लेकीसाठीच तर सायन्स. शालू म्हणाली, भांडू नका, मी आत झोपते. आबांना वाईट वाटंल.

शहाणी पोर. माझ्यावर गेली आहे.

तुळईखाली बराच वेळ उभा राहिलो. वाकली आहे असे वाटले. मग दाराकडून बघितले तर सरळ वाटली. दाराकडूनच बघावे.

२५ मे, संध्याकाळ

अंधार पडायच्या आत लिहून काढतो.

दुपारी बारा ते चार शालूने पडून राहायचे असा माझा नियम. झळ आत येऊ नये म्हणून खिडकीला ओली पोती ठोकली आणि दार बाहेरून खांदा लावून घट्ट बसवले. ओसरीत मी पहाऱ्याला बसलो. थोड्या वेळाने आतून शालूची हाक आली. आधी हळू. मग, आबा, वरून माती येऊन राहिली. मी म्हटले, येते बेटा थोडीफार, डोळ्यांवर पदर घे. मग ती किंचाळली.

दार उघडेना. मी ओढले, सौ.ने ओढले. चौकट वरून दबून दारावर बसली होती. आत काहीतरी सरकल्यासारखा आवाज. सौ. अनवाणी तापल्या वाटेने रानाकडे धावली. मी दाराला तोंड लावून शालूशी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. ती म्हणत होती, आबा, मला भायेर काढा, मला भायेर काढा. दुसरे काहीच नाही.

संतराम आणि भावसिंग पहारी घेऊन बैलगाडीतून आले. दाराला हातही लावला नाही. मागच्या बाजूने कच्च्या विटांची भिंत फोडली. चोर घर फोडतात तसे भगदाड पाडून माझ्या लेकीला त्यातून ओढून काढले. नखशिखांत मातीने माखलेली. तिने माझ्याकडे बघितले नाही. त्याच गाडीत घालून तिला संतरामच्या रानात नेले. सौ. सोबत गेली. मला कोणी चल म्हटले नाही.

छत जागच्या जागी आहे. हे नोंदवून ठेवतो. सगळी दाराची चूक. भगदाड संतरामने भरून द्यायला हवे.

२६ मे

घरात एकटाच. रात्री परसात निजलो, वारा खायला. लोक येऊन दारातून डोकावतात आणि आत पाऊल न टाकता जातात. हे बंद केले पाहिजे. उद्या भर दुपारी सगळ्यांच्या देखत त्या खोलीत, त्याच खाटेवर झोपून दाखवणार. मग शालूला मानाने परत आणणार.

२७ मे, सकाळ

आकाश निरभ्र. वारा नाही. भगदाडातून आत जाऊन खाट झटकली. कंबर बरी आहे. चित्त स्थिर.

२७ मे, नंतर

झोपलो होतो. खरोखर झोपलो होतो. बाहेर चार माणसे उभी होती, त्यांना विचारावे. डोळे मिटले की तुळईचा आवाज जास्त ऐकू येत होता. तिच्यातली वाळवीची माती माझ्या ओठांवर पडत होती. मग बाहेरचे टेंपरेचर नोंदवायचे राहिले हे आठवले, म्हणून उठून बाहेर आलो. तेवढ्यासाठीच.

पाठीमागे आवाज झाला. मोठा नाही. भरलेले पोते जमिनीवर टाकावे तसा. धूळ उठली आणि बराच वेळ खाली बसेना. बसली तेव्हा खोलीच्या जागी काळ्या मातीचा ढीग होता आणि खाटेचा एक पाय वर आलेला दिसत होता.

दोन दिवसांपूर्वी याच वेळी.

कोणीही हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. भावसिंगने मला दंडाला धरून सावलीत बसवले आणि पाणी पाजले.

२८ मे

रानातून निरोप. पहाटे शालू मोकळी झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. तांड्यावरच्या रूपाबाईने बाळंतपण केले. खोपटाच्या कुडावर पाणी शिंपडत आहेत, झाडाची सावली आहे, पन्हे आहे. म्हणजे सगळे तेच, बापजाद्यांचे.

मला बोलावणे नाही. सोयर असते, पुरुषाने लगेच जायचेही नसते.

२ जून, संतरामचे रान

पाचवी झाली. आज गेलो. मंडळी आंब्याखाली घोंगड्या टाकून बसलेली. संतरामने उठून जागा करून दिली.  जेवायला वाढले. मी जेवलो.

लेकरू फांदीला बांधलेल्या जुन्या धडोत्याच्या झोळीत निजले होते. त्या फांदीवर थोडे ऊन येत होते. मला वाटले, पलीकडची फांदी जास्त थंड आहे. झोळीची गाठ सोडायला हात लावला, तोच शालू खोपटातून ओरडली, आबा, हात लावू नका! सगळे थांबले. अशा आवाजात ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. मी हात मागे घेतला. मग तिलाच रडू आले. म्हणाली, आबा, तुमी नुसतं बसा. काहीच करू नका.

तेव्हापासून बसलो आहे. उन्हाचा कवडसा झोळीवरून आपला आपण सरकून गेला.

दुपारी बायकांचा डोळा लागला. शालूलाही झोप लागली. मी उठून झोळीत बघितले. नाक संतरामसारखे आहे, असो. हलके एक बोट लेकराच्या कपाळाला लावले. त्याने झोपेतच ओठ मुडपले.

कपाळ गार होते. त्यात माझे काही नाही.